यजमान कोरडे, पाहुणे ओले

साल्झबुर्गात मोझार्टपासून सुटका नाही. विमानतळाला त्याचं नाव, चौकात त्याचा पुतळा, आणि दुकानांत तो चॉकलेटवर, मगवर, छत्रीवर, एवढंच काय, रबरी बदकावरही. याच गावच्या आर्चबिशपच्या पदरी असताना त्याला जेवायला आचाऱ्यांच्या पंगतीत बसवलं जाई. १७८१ साली नोकरीतून मोकळं करा म्हणाला, तर मुदपाकखान्याच्या प्रमुखाने, काउंट आर्कोने, त्याच्या पार्श्वभागावर लाथ घातली. लाथ व्हिएन्नात बसली हे खरं. पण पाय साल्झबुर्गच्या दरबाराचा. आज तेच गाव त्याच्या नावावर जेवतंय.

गेट्राइडेगासे या गल्लीतल्या नऊ नंबरच्या पिवळ्या इमारतीत तो १७५६ साली जन्मला. आत त्याचं लहानपणीचं व्हायोलिन आहे. आम्ही दारातूनच नमस्कार केला, कारण तिकीट टूरमध्ये धरलेलं नव्हतं. मग सगळा ग्रुप मोझार्ट-गोळ्यांवर तुटून पडला. पिस्त्याचं मार्झिपान, त्यावर नूगा, वरून चॉकलेट. पाउल फ्युर्स्ट नावाच्या हलवायाने हा गोळा १८९०मध्ये काढला, म्हणजे मोझार्ट जाऊन नव्व्याण्णव वर्षं झाल्यावर. अस्सल गोळा निळ्या-चंदेरी कागदात, अजूनही हाताने केलेला, आणि फक्त त्यांच्याच दुकानांत. लाल-सोनेरी कागदातले कारखान्यातले गोळे मात्र जिथे जाल तिथे. आमच्या काकूंनी युरोला रुपयांनी गुणलं, क्षणभर डोळे मिटले आणि लाल-सोनेरी डबे उचलले. "देणाऱ्याला कुठे कळतंय, खाणाऱ्याला कुठे कळतंय!"

गावावरचा किल्ला १०७७चा. किल्ला म्हटल्यावर आमच्यातले निवृत्त मुख्याध्यापक पट्टा आवळून तयार झाले, पण टूर मॅनेजरने त्यांना रेल्वेत बसवलं. ही रेल्वे १८९२पासून प्रवाशांना सरळ वर ओढून नेते. दम न लागता गड सर झाल्याने सर नाराज. वर पिठलं-भाकरी नाही म्हटल्यावर तर पारच खट्टू.

मला या गावात खरी गंमत वाटली ती आर्चबिशपांची. इथे धर्मही त्यांचा, राज्यही त्यांचं. वोल्फ डीट्रिश या आर्चबिशपांना लग्नाची मुभा नव्हती. सालोमे आल्ट या बाईंपासून पंधरा मुलं मात्र झाली. त्यांनी तिच्यासाठी १६०६ साली वाडा बांधला. पुढे मिठाच्या व्यापारावरून बव्हेरियाशी वैर घेतलं, त्यात गादी गेली. १६१२मध्ये नात्यातलाच मार्कुस सिटिकुस त्या गादीवर बसला. त्याने वोल्फ डीट्रिशना मरेपर्यंत याच किल्ल्यात डांबलं आणि वाड्याचं नाव बदलून मिराबेल केलं. पंधरा मुलांचा बोभाटा पुसायला एक पाटी पुरेल, अशी त्याची समजूत असावी.

या मार्कुस सिटिकुसने गावाबाहेर हेलब्रुन नावाचा महाल बांधला, तो राहायला नव्हे, पाहुण्यांची फजिती करायला. बागेत लांब दगडी मेज आहे, त्याच्या मधोमध वाइन गार ठेवायला पाण्याचा पाट, आणि भोवती दगडी बैठका. प्रत्येक बैठकीत एक भोक. फक्त यजमानाची बैठक बिनभोकाची. मेजवानी रंगात आली की कळ फिरायची आणि खालून कारंजी सुटायची. यजमान बसलेला असताना पाहुण्याने उठायचं नाही असा दरबारी रिवाज, त्यामुळे बडीबडी मंडळी भिजत, हसत बसून राहायची.

गाइड मुलीने विचारलं, कोण बसतंय? मुख्याध्यापक पुढे झाले. काकूही बसल्या, जाणत्या बाई त्या, आधीच छत्री उघडून. कळ फिरली. पाणी खालून आलं आणि छत्रीने ते वर जाऊ न देता पुन्हा काकूंवरच सोडलं.

"अहो, उठा ना आता!" काकू ओरडल्या.

"रिवाज आहे," सर म्हणाले. "यजमान उठल्याशिवाय नाही."

"यजमान चारशे वर्षांपूर्वी गेले!"

सर तरी हलेनात. बाहेर पडताना भिंतीतल्या हरणाच्या शिंगांतून पाणी सुटलं आणि आम्हीही आंघोळीतून सुटलो नाही. कोरडी राहिली ती एकटी गाइड मुलगी. कुठे उभं राहायचं हे तिला नेमकं ठाऊक होतं.

सकाळी "बसमध्ये खायचं नाही" असं बजावणाऱ्या ड्रायव्हरने दारातच आम्हाला अडवलं. मग डिकीतून कचऱ्याच्या पिशव्यांचा गुंडाळा काढून प्रत्येक सीटवर एकेक पसरला. त्यावर चुरचुर आवाज करत आम्ही इन्सब्रुकची वाट धरली. टूर मॅनेजरने माइक घेतला. तिथलं सोन्याचं छप्पर, त्यावरचे सोन्याचा मुलामा दिलेले २,६५७ तांब्याचे पत्रे, सम्राट माक्सिमिलियन त्याखालच्या सज्जात बसून चौकातले खेळ बघायचा, असं सगळं सांगितलं.

सरांनी हात वर केला. "बसायचा, ते ठीक. खाली भोक होतं का?"