दहापाणी सर

आर्वीच्या बाजारात कोणी 'दहापाणी' म्हटलं की आमच्या वेळचं पोट्टं हमखास मागं वळून पाहते. हे आमचे केमिस्ट्रीचे सर. धुण्याच्या सोड्याच्या स्फटिकात कार्बोनेटच्या एका रेणूमागं पाण्याचे दहा रेणू असतात, हे सांगताना त्यांचा आवाज हरिपाठाला लागल्यासारखा व्हायचा.

माणूस थेंबाचा. दूधवाला माप भरी, तेव्हा सर गुडघे वाकवून डोळा मापाच्या रेषेत आणत. पारदर्शक द्रवाची खालची कड वाचायची, अपारदर्शकाची वरची. दूध पडलं अपारदर्शक! या नियमापायी रोज चमचाभर दूध ते आपणहून सोडत. दूधवाल्याला शास्त्र फार आवडे.

"मिथिल ऑरेंजचा आपल्या संत्र्याशी काही संबंध नाही," हे दरवर्षी सांगून वर म्हणत, "रंग पिवळ्याचा मृगाच्या संत्र्यासारखा झाला की थांबा. लाल झाला की गेला!" आम्ल भांडतं फक्त कार्बोनेटशी, पाणी बिचारं गप्प बसतं. म्हणून आधी कार्बोनेट मोजायचं. वजनातून ते वजा जाता उरलं ते पाणी.

मार्चातल्या परीक्षेला सोडा निघाला गेल्या उन्हाळ्यातल्या बरणीतला. सव्वातीन नव्हे, साडेतीन नव्हे, नेमका ३.५७५ ग्रॅम घेऊन २५० मिलीचं द्रावण करायचं. त्यातल्या २५ मिलीला ०.१ मोलरचं हायड्रोक्लोरिक आम्ल २५ मिलीच लागतं, हे आम्हाला ब्युरेट धुण्याआधीच पाठ होतं. सगळ्यांच्या वहीत उत्तर दहा. एकट्या मागच्या बाकावरच्या पोरीचं रीडिंग २७.५, रेणुभार २६०, पाणी ८.५६. ती रडकुंडीला आलेली.

सरांनी बरणी उजेडात धरली. काचेसारखे खडे कुठले, वर पांढरी भुकटी! झाकण सैल, त्यात आर्वीचा मे महिना. सोड्यानं आपलं पाणी केव्हाच हवेला देऊन टाकलेलं.

"इचं बरोबर आहे," सर म्हणाले. मग आमच्याकडं वळले. "तुम्ही दहा कुठून आणले बे? पाणी कोणी टाकलं? नळ तर सकाळपासून कोरडा आहे!"

त्या दिवशी खरं म्हणजे सरांचं नाव बदलायला पाहिजे होतं. पण 'साडेआठपाणी' कोणाच्याच तोंडात बसेना.