एका नाण्याचा संग्रह

अटलांटातल्या मराठी मंडळींत कुणी छंद विचारला की मी "जुनी अमेरिकन सोन्याची नाणी" असं जरा खालच्या पट्टीत सांगतो. खालच्या पट्टीत सांगितलं की माणसं पुढे वाकून ऐकतात. संग्रहात नाणं एकच आहे, हे कुणी खोदून विचारल्याशिवाय सांगत नाही. बाकीचा संग्रह म्हणजे भिंग, काटा आणि फडताळभर पुस्तकं.

नाणं म्हणजे १८५३चा सोन्याचा डॉलर. व्यास १३ मिलिमीटर, वजन १.६७२ ग्रॅम, त्यातही दहावा हिस्सा हीण. सासूबाईंनी ते प्लास्टिकच्या सीलबंद डबीतूनच न्याहाळलं. "यात धड एक कुडी व्हायची नाही हो जावईबापू. आणि किती काळवंडलंय! द्या, रिठ्याच्या पाण्यात घासून देते." मी डबी छातीशी धरली. घासलेलं नाणं जाणकार एका नजरेत ओळखतो आणि भाव धाडकन खाली येतो. खरं तर मी पैसे मोजले ते त्या जुन्या मळाचे आणि मागच्या बाजूला पानांच्या माळेखाली असलेल्या 'डी'चे. सोनं वर फुकट आलं.

'डी' म्हटलं की पाहुणे हटकून "डेन्व्हर!" म्हणतात. मग मात्र माझी पट्टी चढते. अहो, डेन्व्हरच्या टाकसाळीत नाणी पडायला लागली १९०६ साली. हा 'डी' डलॉनेगाचा. इथून वर जॉर्जियाच्या डोंगरांत गेलं की ते गाव लागतं. तिथली टाकसाळ १८३८ ते १८६१ चालली आणि तिनं फक्त सोन्याचीच नाणी पाडली. ठसे यायचे फिलाडेल्फियाहून. शेवटी टाकसाळ बंडखोर दक्षिणेच्या हाती गेली. त्यांनीही आलेल्या ठशांवर डॉलर पाडून घेतले, किती ते कुणी लिहून ठेवलं नाही. डलॉनेगाचा छाप बऱ्याचदा पुसट, कडा अर्धवट. दुसऱ्या टाकसाळीचं असं नाणं असतं तर मी नाक मुरडलं असतं. इथे मात्र मी त्याला 'व्यक्तिमत्त्व' म्हणतो.

लिलावाच्या कॅटलॉगात अशा नाण्यांची वंशावळ असते. आधी कुणाकडे होतं, त्याआधी कुणाकडे. ती वाचताना हल्ली माझं डोकं तापतं, कारण वंशावळ पहिल्या संग्राहकापाशी येऊन थांबते. ते डोंगर चेरोकी लोकांचे होते. १८२८च्या सुमारास सोनं सापडलं, तेव्हा जॉर्जियानं त्यांना त्यांच्याच जमिनीत सोनं खणायला बंदी केली आणि १८३२मध्ये त्या जमिनीचे चाळीस-चाळीस एकरांचे तुकडे चक्क लॉटरीत वाटले. टाकसाळ सुरू झाली त्याच १८३८ साली सैनिकांनी चेरोकींना घरांतून हुसकून छावण्यांत कोंडलं आणि मग पश्चिमेकडे हाकललं. त्या हकालपट्टीत सुमारे चार हजार माणसं मेली, असं मानतात. कॅटलॉगात यातलं काही नाही. कडेला चरा किती, ते मात्र तीन ओळी.

परवा नाण्यांच्या प्रदर्शनात एका दलालाला मी हेच सुनावलं. वंशावळ खाणीपासून का देत नाही, म्हणून. त्यानं भिंगावरून डोळा न काढता उत्तर दिलं, "तसा कागद असता तर दुप्पट भाव लावला असता."

मी चांगला तडकलो. आणि तडकलेला असतानाच, दुप्पट परवडेल का याचा हिशेब मनात सुरू झाला होता.