फोडणीची लस

साठी बुद्धी नाठी, हे आपण फार आवडीने म्हणतो. बुद्धीचं जाऊ द्या. म्हातारपणी खरी सुस्तावते ती प्रतिकारशक्ती. फ्लूची साधी लस टोचली की पंचविशीतलं शरीर खडबडून उठतं. पंचाहत्तरीतलं कूस बदलतं.

मग करायचं काय? कुठल्याही आजीला विचारा. आळणी लागतंय? फोडणी द्या.

लसवाल्यांनी नेमकं तेच केलं. आणि खरोखर तेलाची फोडणी दिली. एमएफ५९ असं तिचं नाव. (नाव ठेवणाऱ्याला बारशापासून दूर ठेवा.) स्क्वालीन नावाचं तेल पाण्यात घुसळून केलेलं दुधाळ मिश्रण. डोसात स्क्वालीन जेमतेम दहा मिलिग्रॅम. पण टोचल्या जागी अशी काही गडबड उडते, की पेंगणाऱ्या पेशी ‘कोण आलंय’ म्हणून बघायला धावतात. शास्त्रज्ञ याला ॲडज्युव्हंट म्हणतात. इटलीत १९९७ साली अशा फ्लूच्या लशीला परवाना मिळाला.

कल्पना मात्र त्याहून जुनी. १९२०च्या दशकात गास्ताँ रामों या फ्रेंच पशुवैद्याच्या लक्षात आलं, की टोचल्या जागी गळू झालेले घोडे घटसर्पाविरुद्ध जास्त प्रतिविष देतात. मग पठ्ठ्याने इंजेक्शनात काय काय मिसळून पाहिलं! पावाचा चुरा. टॅपिओका, म्हणजे ज्याचा आपला साबुदाणा होतो ते पीठ.

घोड्यांना उपास घडला तो असा.

१९२६मध्ये लंडनच्या ग्लेनी या संशोधकाने तुरटी वापरली. हो, तीच. न्हाव्याच्या दुकानातली. बाळाच्या कित्येक लशींमध्ये आजही तिच्याच घराण्यातले ॲल्युमिनियमचे क्षार असतात, आणि बाळाचा बाप ‘केमिकल नको’ म्हणत दाढीवर तुरटी फिरवत असतो.

आता आपल्या फोडणीच्या लशीच्या सोवळ्याचा प्रश्न. विषाणू वाढवला कोंबडीच्या अंड्यात. स्क्वालीन काढतात शार्कच्या यकृतातून. मार्गशीर्षातल्या गुरुवारी चालेल का? चालवून घ्या. हेच स्क्वालीन तुमचं यकृत रोज बनवतं, तुमच्या कपाळाच्या तेलकटपणातही ते आहे. तक्रार करायचीच तर शार्कने करावी.

पण खरी गंमत इटलीतच झाली. नोव्हेंबर २०१४. हीच लस घेतल्यावर काही वृद्ध दगावल्याच्या बातम्या आल्या. सरकारने दोन बॅचेस थांबवल्या. रास्तच होतं. चौकशीपुरतं थांबायलाच हवं. पण वर्तमानपत्रं थांबतात होय? ठळक मथळे, घाबरलेले नातेवाईक, रिकामे दवाखाने.

डिसेंबर उजाडताच युरोपच्या औषध नियामकाने तपासून सांगितलं, मृत्यू लशीमुळे झाल्याचा पुरावा नाही. लाखो म्हाताऱ्यांना ऐन थंडीच्या तोंडावर लस द्या. त्यातले काही जण पुढच्या दोन दिवसांत जाणारच. लस न देताही गेले असते. याला आपल्याकडे कावळा बसायला आणि फांदी तुटायला म्हणतात. इटालियन भाषेत यासाठी म्हण नसावी.

कारण त्या मोसमात लस घेणाऱ्या ज्येष्ठांचं प्रमाण सुमारे ५५ टक्क्यांवरून ४९वर आलं. खुलासा छापला गेला असेलच. आतल्या पानावर.

अमेरिकेला ही लस मान्य करायला २०१५ उजाडलं. तेही रक्तातली प्रतिपिंडं मोजून. आजार किती टळतो ते नंतर बघू. २०२२मध्ये तिथल्या तज्ज्ञ समितीने ६५ वरच्यांना तीनपैकी एक घ्या म्हटलं: चौपट मात्रेची, अंड्याविना बनवलेली किंवा ही फोडणीची. तिघींत सरस कोण? त्यावर समितीने मौन पाळलं. सुना तीन असल्या की सासूही पाळते.

आणि आपण? आपल्या राष्ट्रीय लसीकरण वेळापत्रकात साधी फ्लूची लसही नाही, फोडणीची तर लांबच. फ्लू मात्र महाराष्ट्रात पावसाळ्यातही येतो आणि हिवाळ्यातही. उत्तर म्हणून घरोघरी गुळवेल, काढा आणि ‘इम्युनिटी’ लिहिलेला कसलाही डबा. त्या डब्याला मात्र कुणी विचारत नाही, की बाबा रे, तुझी चाचणी कुठे झाली?

आमच्या सोसायटीतले एक काका लेकाकडे न्यू जर्सीला गेले होते. सुनेने औषधांच्या दुकानात नेऊन ही लस टोचवली. परतल्यावर भेटले. म्हणाले, दोन दिवस दंड ठणकला. बरोबर आहे, ही साध्या लशीपेक्षा जरा जास्तच दुखते. मग आवाज खाली आणून म्हणाले, “आणि तेव्हापासून हा गुडघा.”

गुडघा २००९पासून दुखतोय. जिने मीच धरून उतरवलेत.