रडवलंत, पुढे काय?

डिसेंबर उजाडला की शाळाशाळांतून व्याख्यात्यांच्या गाड्या फिरू लागतात. विषय ठरलेला : आईबाप. मैदानावर सतरंज्या, मागे बासरीची धून, हळूहळू कातर होत जाणारा आवाज. डोळे मिटा, बापाचं फाटकं बनियन आठवा. नववी-दहावीच्या मुली हुंदके देऊ लागतात आणि नेमका तेव्हाच कॅमेरेवाला रांगेत शिरतो. संध्याकाळपर्यंत त्या रडवेल्या चेहऱ्यांची रील गावभर फिरते. खाली वक्त्याचं नाव आणि बुकिंगचा नंबर.

याला लोकप्रियता जरूर म्हणा. प्रभाव पडला म्हणायला मी तयार नाही. जिचा बाप दारू पिऊन आईला मारतो, त्या मुलीनं त्या पाऊण तासात काय आठवायचं? ज्याला बापच नाही, त्यानं? घरी परतलेल्या त्या मुलांशी पुढे कोण बोलणार? वक्ता तर तोवर दुसऱ्या तालुक्यात पोचलेला असतो.

वक्त्यानं प्रभाव शोधावा की लोकप्रियता, याचं उत्तर महाराष्ट्राला तरी नव्यानं शोधायला नको. गाडगेबाबांच्या कीर्तनाला माणूस लोटत असे. पण बाबा गावात शिरायचे ते खराटा घेऊन. दिवसा रस्ते झाडायचे, रात्री कीर्तन. आणि कीर्तनात समोरच्यांनाच सवाल : देवाला बोकड लागतो का? कर्ज काढून जेवणावळी घालाव्यात का? शिवाशीव पाळावी का? उत्तर लोकांना स्वतःच्या तोंडानं, चारचौघांत द्यावं लागे. ऋण काढून सण करणाऱ्यांच्या गावातच हे विचारायचं, म्हणजे जमलेली गर्दी उठून जाण्याची जोखीम पत्करायची. कष्ट करा, मोठी स्वप्नं बघा, असं सांगणाऱ्यावर आजवर कोण रागावलंय? समोरच्याला झोंबेल असं एकही वाक्य ज्याच्या भाषणात नाही, त्यानं फक्त तारीख उरकली.

गर्दी लागतेच, हे कबूल. रिकाम्या मैदानात कोण कुणाला बदलणार? बाबांचीही वऱ्हाडी बोली माणसाला पोट धरून हसवायची. पण त्यांनी त्या गर्दीतून स्वतःसाठी काही उचललं नाही. शिष्य केले नाहीत, कुणाला पाया पडू दिलं नाही. आलेला पैसा धर्मशाळांत गेला. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा त्यांनी 1949 साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या हवाली केली. बाबा 1956 मध्ये गेले. दादरच्या त्यांच्या नावाच्या धर्मशाळेत टाटा रुग्णालयात उपचारांसाठी आलेले कर्करोगाचे रुग्ण आणि त्यांचे नातेवाईक उतरत आले आहेत. प्रभाव मोजायचाच असेल तर तिथे जाऊन मोजावा.

आजच्या प्रत्येक वक्त्यानं धर्मशाळा बांधावी असं कोण म्हणतंय? पण मुख्याध्यापकांना माझं कळकळीचं सांगणं आहे. मुलांच्या चेहऱ्यांवर कॅमेरा लावू देऊ नका, रडताना तर नाहीच नाही. भाषण संपलं की माइक बंद करा आणि वक्त्याला आणखी तासभर वर्गात बसवा. बाकं मागे सरकवा, शिक्षकांनी बाहेर जावं, मुलांना हवं ते विचारू दे. त्या तासासाठी ज्यांना वेळ नसेल त्यांना बोलावूच नका. मानधनाचे तेवढे पैसे शाळेच्या वाचनालयाला द्या.