अठरा चौरस फुटांचा कन्सेप्ट

सहा बाय तीन फुटांच्या संडासाला 'कन्सेप्ट' लागतो, असं टाइलच्या दुकानातल्या बाईंनी सांगितलं आणि मी अशी मान डोलावली की जणू दोन-तीन कन्सेप्ट माझ्या गाडीच्या डिकीतच पडलेत. अमेरिकेतल्या जॉर्जियात, अल्फारेटात आमच्यासारख्यांची घरं इतकी एकसारखी असतात की आपलं वेगळेपण दाखवायला ही एकच खोली उरते. दिवाणखान्यात पाहुणे एकमेकांच्या साड्या बघतात, स्वयंपाकघरात मसालेभात. दाराला कडी लावून, एकट्याने, सवडीने भिंत निरखायला मिळते ती फक्त इथे. त्यात गणपतीला आमच्याकडे महाराष्ट्र मंडळातली बरीच माणसं येतात. म्हणजे प्रेक्षकवर्ग पक्का.

मी अभ्यासाला लागलो. या क्षेत्रात घराणी आहेत. एक सांगतं, लहान खोलीत मोठी टाइल लावा, सांधे कमी, खोली ऐसपैस दिसते. दुसरं म्हणतं, जमिनीवर बारीक टाइलच हवी, सांधे जास्त, पाय घसरत नाही. तिसरं म्हणतं, खोली लहान ती लहानच, लपवता कशाला, गर्द हिरवी करून टाका. मी तिन्ही घराण्यांचा गंडा बांधला. पांढरी तीन बाय सहा इंची 'सबवे' टाइल १९०४ साली न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेच्या स्थानकांत लागली, हे बायकोला ऐकवलं. ती म्हणाली, "मग आत बसलेल्याला वाटेल, गाडी येतेय."

मग मला संगमरवर सापडला.

अल्फारेटाहून उत्तरेला, गाडीने तासाभरावर टेट नावाचं गाव आहे. तिथल्या खाणींतला पांढरा संगमरवर म्हणजे साधासुधा दगड नव्हे. वॉशिंग्टनच्या लिंकन स्मारकात खुर्चीवर बसलेला तो एकोणीस फुटी लिंकन याच जॉर्जियन संगमरवराच्या अठ्ठावीस ठोकळ्यांतून घडवलाय. स्मारकाचं उद्घाटन झालं १९२२ मध्ये. आता गंमत बघा. यादवी युद्धात लिंकनच्याच फौजांनी १८६४ मध्ये आमच्या शेजारच्या रॉझवेलच्या कापडगिरण्या जाळल्या, पुढे अटलांटाला आग लावली, आणि त्याच जॉर्जियाने साठेक वर्षांनी त्याला बसायला दगड पुरवला. एवढं औदार्य आमच्या सोसायटीत पार्किंगच्या बाबतीतही कुणी दाखवत नाही. तर असा ऐतिहासिक दगड आपल्या संडासात असावा, या विचाराने मी भारावून गेलो. तिथे बसणाऱ्याची आणि लिंकनची बैठक तशी सारखीच, हेही मला फार अर्थपूर्ण वाटलं. गणपतीच्या दिवशी दाराबाहेर उभं राहून हे कुणाला, कोणत्या शब्दांत सांगायचं, याची मी मनात तालीमही केली.

वाचता वाचता आणखी एक कळलं. संगमरवर म्हणजे भूगर्भात तापून, दाबून निघालेला चुनखडक. आणि आमच्या गावच्या मोरीत जी शहाबादी फरशी होती, ती कलबुर्गी जिल्ह्यातल्या शहाबादची, तीही चुनखडकच. म्हणजे लिंकन आणि आमची मोरी एकाच कुळातले. एक शिकून परदेशी गेला, दुसरी मागे राहून भांडी घासत बसली.

आमच्याकडे आलेल्या आईला हे सगळं उत्साहाने सांगितलं. तिने शांतपणे विचारलं, "ॲसिड चालतं का त्याला?"

चालत नाही. चुनखडकाच्या साऱ्या खानदानाला ॲसिडचं वावडं; थेंब पडला की दगड चरतो, चकाकी जाते. आईच्या लेखी तर संडास धुतल्याचा पुरावा म्हणजे ॲसिडचा वास. लिंकन बाद झाला. पाण्याचं शोषण अर्ध्या टक्क्याहून कमी असलेली गर्द हिरवी पोर्सिलीन टाइल ठरली, सांध्यांत इपॉक्सी. दुकानातल्या बाईंना मी सांगितलं की आमचा कन्सेप्ट आता 'प्रामाणिक' आहे.

आईचा दुसरा प्रश्न याहून अवघड होता. "पाणी जायला भोक कुठाय?" इथल्या संडासाच्या जमिनीला पाणी जायला वाट नसते, खाली प्लायवूड असतं, बादली ओतली तर ती तळघरात उतरते. फरशी पुसायची, असं तिला समजावलं. ती म्हणाली, "पुसली म्हणजे पुसली. धुतली कुठे?" यावर कोणत्याच घराण्याकडे उत्तर नव्हतं. मी घाईघाईने जेट स्प्रेकडे बोट दाखवलं. टाकीच्या नळाला टी-व्हॉल्व्ह लावून बसवलेला हा स्प्रे म्हणजे २०२०च्या मार्चमध्ये, सगळी अमेरिका कागदाच्या गुंडाळ्यांसाठी रांगेत उभी असताना, आमच्या बिरादरीने गालातल्या गालात हसण्याचं कारण होतं.

भिंत उघडी पडली तेव्हा टाइलवाल्याने विचारलं, घरात कुणी म्हातारं माणूस आहे का? असेल तर दोन खांबांच्या मध्ये आत्ताच आडवी फळी ठोकतो. इथल्या भिंती पोकळ, नंतर नुसत्या जिप्समवर दांडा टिकत नाही. दांडा जमिनीपासून तेहतीस ते छत्तीस इंचांवर हवा आणि अडीचशे पौंड पेलणारा हवा. माझ्या डोळ्यांसमोर इस्पितळ उभं राहिलं. गर्द हिरव्या भिंतीवर स्टीलचा दांडा!

रात्री मी अभ्यासासाठी जमवलेले सगळे फोटो पुन्हा चाळले. एवढ्या संडासांत एकही माणूस नव्हता. टमरेल नाही, ओला पंचा नाही, गुडघ्यावर हात ठेवून उठणारं कुणी नाही. एका कोनाड्यात ऑर्किड, दुसऱ्यात कधी न पेटलेली मेणबत्ती. चिडचिड झाली. दोन मिनिटांसाठी येणाऱ्या माणसांकरता मी भिंतींचे रंग ठरवत होतो, आणि रात्री तीनदा उठणारी बाई अंधारात तळव्याने तीच भिंत चाचपत जात होती. तिला विचारलं, तर म्हणाली, "माझ्यासाठी कशाला खर्च? मी सहा महिन्यांची पाहुणी." पाहुण्यांच्या व्हिसावर एका वेळी साधारण एवढंच राहू देतात, तेच ती बोलली. पण माझ्या घरात, माझ्या आईने ते बोलावं, हे मला बराच वेळ गिळता आलं नाही.

फळी ठोकली. दांडा मात्र पितळी रंगाचा घेतला. अहंकार एकदम सुटत नाही. गणपतीला तो भलताच गाजला. "टॉवेल रॉड कुठून आणलास रे?" असं विचारून दोघींनी फोटो काढले. मी फक्त मंद हसलो.

दुसऱ्या दिवशी बघतो तर अडीचशे पौंड पेलणाऱ्या त्या दांड्यावर आईचं पोलकं वाळत घातलेलं.

"अगं, धरायला आहे तो!"

"वाळत घालायला बरा आहे," ती म्हणाली. "उठताना मी बेसिनच धरते. हाताशी येतं."

टाइलवाल्याला फोन केला, की बेसिनमागेही फळी लागेल, भिंत परत उघडावी लागेल. तो पोट धरून हसला आणि विचारता झाला, "टाइल शिल्लक आहेत ना?"