स्टिक सरकते, कंपनी हलत नाही

पाहुण्यांची मुलं आली की ओरिजिनल कंट्रोलर घरच्या पोराच्या हातात आणि डुप्लिकेट पाहुण्याच्या, हा व्हिडिओ गेमवाल्या घरांतला जुना शिष्टाचार. त्याहून लहान कुणी असेल तर तो लिंबूटिंबू. त्याला वायर न जोडलेला रिमोट द्यायचा आणि 'काय भारी खेळतोस रे' म्हणायचं. गंमत म्हणजे 'मीडिया' आणि 'लिटल मास्टर'वर मारिओ-काँट्रा खेळून वाढलेल्या पिढीचं अख्खं यंत्रच डुप्लिकेट होतं. आज 'ओरिजिनल ते ओरिजिनल' असं पोरांना ठणकावणारी पिढी तीच.

तर या ओरिजिनलची महती ऐका. सोनी, मायक्रोसॉफ्ट, निन्टेन्डो या तिघांच्याही नेहमीच्या कंट्रोलरमध्ये स्टिकखाली असतो पोटेन्शिओमीटर. म्हणजे कार्बनच्या पट्टीवर घासत फिरणारी धातूची पत्ती. घासतं ते झिजतं. मग स्टिकला बोटही न लावता तुमचा शूरवीर आपला आपण डावीकडे चालू लागतो. हा ड्रिफ्ट. आयफिक्सिटने २०२१ मध्ये प्लेस्टेशन ५ चा कंट्रोलर खोलला, तेव्हा आतल्या स्टिकचं कागदोपत्री आयुष्य निघालं २० लाख फेऱ्या. ऐकायला दणदणीत आकडा, पण रोज दोन तास गोळीबार करणाऱ्याला तो वर्षभरही पुरत नाही. निन्टेन्डोच्या अध्यक्षांनी स्विचच्या जॉय-कॉन कंट्रोलरच्या त्रासाबद्दल २०२० मध्ये माफी मागितली. २०२५ मध्ये स्विच २ आला, आणि त्याच्याही स्टिकमध्ये हॉल सेन्सर नाही. माफी मात्र मनापासून होती म्हणे.

हॉल सेन्सर म्हणजे चुंबक आणि त्याचं अंतर ओळखणारी चिप. एकमेकांना शिवत नाहीत, म्हणून तिथे झीज नाही. फार नवलाईचं काही नाही. सेगाने ड्रीमकास्टच्या कंट्रोलरमध्ये १९९८ मध्येच ते घातलं होतं. खुद्द मायक्रोसॉफ्टने एक्सबॉक्स वनच्या ट्रिगरला चुंबक लावलं. चार बोटं पलीकडच्या स्टिकपर्यंत मात्र हात पोचला नाही. तो पोचला गुलिकिट, एटबिटडो, गेमसर यांचा, म्हणजे ज्यांना आपण डुप्लिकेट म्हणून हिणवतो त्यांचा. तेही बहुतेकदा ओरिजिनलपेक्षा कमी पैशांत.

लगेच पुण्यातल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या तापकीर गल्लीकडे धावू नका. खोक्यावर 'हॉल इफेक्ट' ठळक असतं, पण ते स्टिकबद्दल आहे की नुसत्या ट्रिगरबद्दल, हे बारीक अक्षरांत शोधावं लागतं. टीएमआर लिहिलेलं दिसलं तर तीही चुंबकाचीच जात, फक्त बॅटरी कमी खाते. आणि चुंबक म्हणजे काही अमरपट्टा नव्हे. स्प्रिंग सैलावते, स्टिकवरचं रबर उडतं, आणि वरची खांद्याची बटणंही दगा देतात. दुकानात ती कडेकडेने दाबून पाहा. दुकानदार तोवर सात रंगांचे दिवे लावून दाखवील. दाखवू दे. दिव्यांनी फक्त बॅटरी संपते.

मुंबई-कोकणातल्यांनी तर एक गोष्ट ध्यानात ठेवायलाच हवी. हाताला मखमली लागणारा रबरी लेप दुकानात फार मोहक असतो. दमट हवेत दोन-चार पावसाळ्यांत तोच लेप विरघळल्यासारखा चिकट होतो आणि पुसून जात नाही. त्यापेक्षा खडबडीत साधं प्लास्टिक घ्या. घामाने निसटत नाही आणि ओल्या फडक्याने साफ होतं. आकाराबद्दल कुणाचंही, माझंही, ऐकू नका. पाच-दहा मिनिटं धरून बसा. स्टिकपर्यंत पोचायला अंगठा ताणावा लागला किंवा करंगळीला टेकायला जागा मिळाली नाही, तर तो कंट्रोलर दुसऱ्या कुणाच्या तरी हातासाठी घडवलेला आहे. मुलासाठी घेत असाल तर मुलाला सोबत न्या. बाबांच्या पंजाने मापलेली वस्तू दहा वर्षांच्या हातात फावड्यासारखी दिसते.

एवढी पारख करूनही घरी एक्सबॉक्स असेल तर अधिकृत परवान्याची खूण बघाच. नोव्हेंबर २०२३ पासून मायक्रोसॉफ्ट बिनपरवाना कंट्रोलर अडवू लागली. कारण दिलं खेळाच्या दर्जाचं. सोनीचा कारभार त्याहून कडक. प्लेस्टेशन ४ चा अस्सल, सोनीचाच कंट्रोलर प्लेस्टेशन ५ च्या खेळांना चालत नाही. जिथे सख्ख्या थोरल्या भावाला उंबऱ्यावरून परत पाठवतात, तिथे बिनपरवाना चुलतभावांनी पिशवी भरूच नये.