मधले सर

परदेशी कंपन्यांसाठी रेणू बनवून देणाऱ्या बहुतेक प्रयोगशाळांत एक मधले सर असतात. हिंजवडीत सापडतील, हैदराबादेतही. 'मधले' हे आडनाव नव्हे. रेणूचा मधला भाग बनवतात म्हणून पोरांनी ठेवलेलं नाव.

रोग माजवणाऱ्या प्रथिनाला नुसतं अडवून धरण्यापेक्षा पेशीकडूनच त्याचा निकाल लावायचा, ही 'प्रोटॅक'ची युक्ती. पहिला शोधनिबंध २००१चा. रेणूचं एक टोक त्या प्रथिनाला धरतं, दुसरं लायगेज नावाच्या एंझाइमला. दोघं जवळ आली की लायगेज प्रथिनावर युबिक्विटिनचा शिक्का मारतं आणि प्रोटिओसोम त्याचे तुकडे करतं. चर्चासत्रं भरतात ती टोकांवर. मधली साखळी म्हणजे लिंकर. ती सरांची.

सरांच्या मते जगातली सगळी भांडणं लांबीची. "आखूड ठेवलं की एकमेकांवर आदळतात, लांब ठेवलं की कोण कुठे भरकटलं पत्ता नाही." हे प्रथिनांबद्दल चाललंय की दोन भावांच्या फ्लॅटांबद्दल, हे नव्या पोरांना उमगत नाही.

त्यांचा लाडका माल पेग, म्हणजे पॉलिइथिलीन ग्लायकॉल. 'सरांचे आज चार पेग झाले' हा विनोद प्रत्येक नव्या बॅचला आपल्यालाच प्रथम सुचला असं वाटतं. पेग मोठा छळवादी. बरेचदा चिकट तेलच, स्फटिक धरायचं नाव नाही. पाण्यात विरघळतो, त्यामुळे धुताना निम्मा माल सिंकच्या वाटेला. माल तपासायची टीएलसी प्लेट यूव्हीखाली धरावी तर कोरी! मग ती परमँगनेटमध्ये बुडवून तापवायची, तेव्हा कुठे पिवळा ठिपका उमटतो, आणि सर आजूबाजूच्या सगळ्यांना बोलावून तो दाखवतात.

लिंकरच्या एका टोकाला अमाइन, दुसऱ्याला आम्ल. जोडणीच्या वेळी दोन्ही मोकळी राहिली तर आपसातच गुंततात, म्हणून अमाइनवर बॉकची टोपी. एखाद्या पोराने घाईने टीएफए ओतून ती आधीच उडवली, की सर कडाडतात, "अरे, मुंजीआधी लग्न लावतोस?"

ग्राहक रचना पाठवतो, सांकेतिक क्रमांक पाठवतो, पाच ग्रॅम मागतो. कोणतं प्रथिन, कोणता रोग, अक्षर नाही. घरी सासरेबुवा विचारतात, "जावईबापू, औषध कशावरचं?" सर गंभीर होतात. "सांगायला बंदी आहे." त्यांनाही ठाऊक नसतं, पण बंदी म्हटलं की चहाबरोबर चिवडा येतो.

अलीकडे मात्र सर दुखावलेत. माणसांवरच्या चाचण्यांपर्यंत पोचलेल्या बॅव्हडेगल्युटामाइड आणि वेपडेजेस्ट्रंट या दोन्ही रेणूंत लिंकर पेगचा नाही. पिपरिडीन-पिपराझीनच्या ताठ कड्यांचा आहे. जर्नल क्लबात एका मुलीने ती चित्रं पडद्यावर लावली. सरांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला. "ताठ माणसं फार दिवस टिकत नाहीत," म्हणाले आणि उठून गेले.

दुसऱ्या दिवशी स्टोअरकडे मागणी आली: बॉक-पिपराझीन, शंभर ग्रॅम. कारणाच्या रकान्यात सरांच्या सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं, 'तुलनेसाठी'.